चाकांवरच्या घराची कडी

गाडी चोरीला गेली की माणूस पोलिसांत तक्रार देतो, विम्याचे कागद शोधतो आणि चार दिवस बसनं कामावर जातो. कॅम्परव्हॅन चोरीला गेली की तिच्याबरोबर पांघरुणं जातात, चहाचं भांडं जातं, मुलांचे पावसाळी बूट, चित्रांच्या वह्या आणि गेल्या उन्हाळ्यात समुद्रावर वेचलेले शिंपले जातात. ब्रिटनमध्ये अशा गाड्या बाळगणाऱ्यांशी बोलताना हे सारखं जाणवतं. गाडीचं काय होईल यापेक्षा तिच्या पोटातल्या संसाराचं काय होईल, ही धास्ती त्यांना जास्त असते. गाडीचे पैसे विमा कंपनी आज ना उद्या देते, शिंपले कुणी परत देत नाही.

या गाड्यांच्या कुलपांचा विषय मी हाती घेतला तो यामुळेच. वरवर पाहता प्रश्न बाजारातला आहे: कुठलं कुलूप घ्यावं, केवढ्याला पडतं. खोलात शिरलं की त्यातून साठ वर्षांचा कायद्याचा इतिहास निघतो, विम्याची गणितं निघतात आणि एक प्रश्न उरतो. चोरी रोखणं हे मालकाचं काम, की गाडी बनवणाऱ्याचं आणि तिला रस्त्यावर येऊ देणाऱ्या सरकारचं?

आधी गाडीची ओळख करून देतो. व्हॅनच्या मागच्या भागात पलंग, शेगडी, बेसिन, पाण्याची टाकी आणि छोटा फ्रीज बसवला की कॅम्परव्हॅन तयार होते. बेन पॉन या डच आयातदारानं १९४७ मध्ये फोक्सवागनसाठी एका डबेवजा गाडीचं रेखाटन वहीच्या पानावर काढलं. मार्च १९५० मध्ये ती गाडी वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या कंपनीनं तिच्यात झोपायची सोय केली. इंग्लंडात डेव्हन परगण्यातल्या सिडमथ गावी १९५६ पासून सुतारकाम करून अशाच गाड्या सजवल्या जाऊ लागल्या. समोरच्या काचेचे दोन भाग असलेलं, १९६७ पर्यंतचं जुनं मॉडेल आज संग्राहक मोठी किंमत मोजून घेतात. या जुन्या गाड्यांच्या पुढच्या दाराला एक तिकोनी काच असते. तिची खिटी पातळ पट्टीनं फिरवली की हात आत जातो आणि दाराची कडी हाताला लागते. पुढे इग्निशनच्या दोन वायरी जोडायच्या, की गाडी निघाली. एवढ्या मोलाची वस्तू एवढ्याशा खिटीच्या भरवशावर रस्त्यात उभी असते.

आजच्या कॅम्पर मात्र बहुतेक वेगळ्याच गाडीवर उभ्या आहेत. इटलीच्या अब्रुझ्झो प्रांतात अतेस्सा इथे मोठा कारखाना आहे. तिथे फियाटची डुकाटो तयार होते आणि जवळपास तशीच गाडी प्यूजो आणि सिट्रोएनच्या नावानंही बाहेर पडते. युरोपातले कितीतरी बांधणीवाले याच सांगाड्यावर घर चढवतात. घर कुठल्याही कंपनीचं असो, दाराचं कुलूप, बॉनेटची कडी आणि इंजिनाचा मेंदू तोच. त्यामुळे चोराला एकदा एक गाडी उघडता आली, की तशा हजारो गाड्या उघडायचा धडा त्याला मिळतो.

चोरीच्या पद्धती पाहिल्याशिवाय कुलपाची निवड कळत नाही. सगळ्यात जुनी पद्धत किल्लीच पळवण्याची. ब्रिटनमधल्या घरांच्या दाराला टपालासाठी फट असते. त्या फटीतून आकडा लावलेली काठी आत सारून दिवाणखान्यातल्या टेबलावरची किल्ली ओढून घेतात. दुसरी पद्धत दाराच्या मुठीखाली भोक पाडून कुलपाची यंत्रणा आतून सरकवण्याची. तिसरी सरकत्या दाराची: दाराच्या वरच्या कडेला धरून, अंगाचा भार टाकून पत्रा खाली वाकवायचा. कुलूप मध्यावर असतं, वरची कड मोकळी असते, म्हणून पत्रा दबतो. घराच्या भागाच्या खिडक्या तर काचेच्याही नसतात. त्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात, आतून प्लास्टिकच्या खिट्यांनी अडकवलेल्या. मजबूत स्क्रूड्रायव्हर पुरतो.

आत शिरल्यावर गाडी चालू करायचा प्रश्न येतो, आणि या विषयातली सगळ्यात बोचरी गोष्ट इथेच आहे. ऑक्टोबर १९९८ पासून युरोपात प्रत्येक नव्या मोटारीला इमोबिलायझर सक्तीचा झाला. किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. या एका नियमाचा परिणाम मोठा होता. नेदरलँड्समधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ ते २००८ या काळाचा अभ्यास करून हिशेब मांडला, की या यंत्रामुळे तिथल्या मोटारचोऱ्या सरासरी ४० टक्क्यांनी घटल्या. वायरी जोडून गाडी पळवणाऱ्यांचा काळ संपला.

मग आलं ओबीडी. स्टिअरिंगच्या आसपास, हाताला लागेल अशा जागी सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. धुरातलं प्रदूषण तपासता यावं, दोष शोधता यावा म्हणून तो युरोपात आधी पेट्रोलच्या आणि मग डिझेलच्या मोटारींना सक्तीचा झाला. कंपनीबाहेरच्या साध्या गॅरेजवाल्यालाही गाडी दुरुस्त करता आली पाहिजे, हा त्यामागचा विचार योग्यच होता, आजही आहे. पण नवी किल्ली गाडीला ओळखायला लावायची, तर तेही बऱ्याच गाड्यांत याच सॉकेटमधून होतं. चोर दार फोडून आत येतो, हातातलं यंत्र तिथे जोडतो, आणि काही मिनिटांत कोरी किल्ली गाडीच्या ओळखीची होते. इमोबिलायझर बिघडलेला नसतो. तो नेमून दिलेलं काम चोख करतो, फक्त आता चोर त्याच्या यादीत मालक म्हणून असतो. काही चोर तर बॉनेट उघडून इंजिनाचा मेंदूच बदलतात, स्वतःजवळचा, आधीच आपल्या किल्लीशी जुळवलेला डबा बसवतात. २०२३ मध्ये वाहनसुरक्षेच्या अभ्यासकांनी हेडलाइटच्या वायरिंगमधून खोटे संदेश घुसवून गाडी पळवण्याची रीत उलगडून दाखवली. तिथे तर दार फोडायचीही गरज पडली नव्हती.

इलेक्ट्रॉनिक कुलूप इलेक्ट्रॉनिक यंत्रानं उघडतं आणि उघडताना आवाज होत नाही. लोखंड मात्र लोखंडानंच तोडावं लागतं. म्हणूनच गेल्या काही वर्षांत ब्रिटनमधले कॅम्परवाले पुन्हा जाडजूड पोलादाकडे वळले आहेत.

लंडनच्या पश्चिमेला रेडिंग नावाचं शहर आहे. तिथे मूळचं सांगलीचं एक जोडपं राहतं. मी त्यांना काका-काकू म्हणतो. मुलं आपापल्या मार्गाला लागल्यावर त्यांनी डुकाटोवर बांधलेली एक जुनी कॅम्पर घेतली. नोव्हेंबरात तिथे चार-साडेचारलाच अंधार पडतो. त्या अंधारात त्यांची गाडी बंद करण्याची पद्धत मी शेजारी उभं राहून पाहिली. काकांनी आधी चाकं पूर्ण वळवून पुढचं तोंड घराच्या भिंतीकडे केलं. मग सीटखालून पोलादी तबकडी काढली. दोन भागांची, बिजागरीवर उघडणारी. ती त्यांनी स्टिअरिंगच्या चाकावर चढवली, मिटवली आणि किल्ली फिरवली. आता चाक कुठूनच हाताला लागत नव्हतं. मी तबकडी धरून फिरवून पाहिली, तर ती नुसतीच स्वतःभोवती गरगर फिरली, आतलं चाक जागचं हललं नाही.

“आधी आमच्याकडे दांडी होती,” काका म्हणाले. “पण दांडीला कुणी हात लावत नाही हो. चाकच कापतात.”

त्यांचं म्हणणं खरं आहे. स्टिअरिंगच्या चाकाच्या कडेत धातूची कांब असते, तिच्यावर फोम आणि वरून आवरण. दांडीचं कुलूप कितीही जाड असो, ते या कडेला अडकवलेलं असतं. लोखंड कापायच्या करवतीनं कड एका जागी कापली, चाक थोडं फाकवलं, की दांडी अखंडच्या अखंड निघून येते. पूर्ण चाक झाकणारी तबकडी याच उणिवेवरचा उपाय म्हणून आली.

तेवढ्यात काकूंनी पलीकडून हाक दिली, “अहो, पेडलचं राहिलं!” काका वाकले. क्लच आणि ब्रेकच्या पेडलांवर बसणारी पोलादी पेटी त्यांनी पायाशी लावली. पेटी लागली की क्लच दाबता येत नाही, क्लच दाबल्याशिवाय गिअर पडत नाही. ही पेटी बाहेरून दिसत नाही, हा तिचा एक दोष. चोर काच फोडून आत आल्यावरच त्याला ती कळते, आणि तोवर काच गेलेली असते. म्हणून तबकडी भडक रंगाची घ्यावी आणि पेटी तिच्या जोडीला ठेवावी, असं हे काम करणारे फिटर सांगतात. आधी नजरेनं परतवावं, मग हातानं अडवावं.

काकांच्या गाडीत ओबीडीचा सॉकेट मूळ जागी नाही. फिटरनं तो दुसरीकडे हलवलाय आणि जुन्या जागी रिकामा सॉकेट ठेवलाय. ज्यांना हे नको असतं ते सॉकेटवर कुलपाचं पोलादी झाकण बसवून घेतात. दारांच्या मुठीमागे पोलादी पट्ट्या आहेत, म्हणजे भोक पाडायला जागा नाही. सरकत्या दाराला आणि मागच्या दारांना वरच्या अंगाला आकड्यासारखी जीभ असलेलं जादा कुलूप आहे, म्हणजे पत्रा वाकवता येत नाही. घराच्या भागाच्या दारावर बाहेरून आडवी फिरणारी जाड मूठ आहे. दिवसा ती चढताना धरायला उपयोगी पडते, रात्री दारावर आडवी येते. हिवाळ्यात गाडी दोन-तीन महिने जागची हलत नाही, तेव्हा एका चाकाला क्लॅम्प लागतो.

हे सगळं लावायला पाच-सात मिनिटं जातात. पावसात, थंडीत, प्रवासानं अंग आंबलेलं असताना, रोज. इथेच बहुतेकांची कुलपं हरतात. आज एकच रात्र, उद्या पहाटेच निघायचंय, असं म्हणत तबकडी सीटखाली राहते. माझ्या मते कुलूप निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की दमलेल्या अवस्थेत, अंधारात, हे मी न चुकता लावीन का? ज्याला वाकता येत नाही त्यानं पेडलची पेटी घेऊ नये, गिअरचं कुलूप घ्यावं. महागडी वस्तू सीटखाली पडून राहिली तर विमा कंपनीही हात वर करू शकते, कारण अर्जात तुम्ही ती रोज लावतो असं लिहून दिलेलं असतं.

लोखंडाच्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे. कॅम्पर वर्षातला बराच काळ उभी असते. उभ्या गाडीत अलार्म आणि ट्रॅकर थोडी थोडी बॅटरी खात राहतात. काही आठवड्यांत बॅटरी बसते, अलार्म मुका होतो, आणि मालकाला वाटत असतं की गाडीवर पहारा आहे. पोलादाच्या पेटीला बॅटरी लागत नाही.

पण कुठलंही कुलूप अभेद्य नाही, आणि चांगला दुकानदार तसा दावाही करत नाही. ब्रिटनमध्ये कुलपांची परीक्षा घेणाऱ्या दोन संस्थांचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. विमा कंपन्यांनी १९६९ मध्ये उभी केलेली थॅचम ही एक. दुसरी सोल्ड सिक्युअर, १९९२ मध्ये नॉर्थंब्रिया आणि एसेक्सच्या पोलिसांनी गृहखात्याच्या मदतीनं सुरू केलेली, आता कुलूपवाल्यांच्या संघटनेकडे असलेली. सोल्ड सिक्युअरचे परीक्षक चोराजवळ असतात तशी हत्यारं घेऊन, घड्याळ लावून कुलूप फोडायला बसतात आणि ते किती टिकलं यावर त्याला कांस्य, रौप्य, सुवर्ण असा दर्जा देतात. हे टिकणं मिनिटांत मोजलं जातं, तासांत नाही. बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे कुठलंच साधं पोलाद फार काळ उभं राहत नाही. मात्र ग्राइंडरचा आवाज आणि ठिणग्या अख्ख्या गल्लीला उठवतात. चोराला नेमकं तेच परवडत नाही. विकत घ्यायचा तो हा वेळ आणि हा आवाज.

आता एक धोक्याची सूचना, आणि ती कुलूप विकणाऱ्यांकडून फारशी ऐकू येत नाही. या गाडीत माणसं झोपतात. आत शेगडी आहे, गॅसची टाकी आहे, हीटर आहे. बाहेरून किल्लीनं लागणारं आणि आतून न उघडणारं जादा कुलूप माणसं आत असताना लावणं जिवावर बेतू शकतं. आग लागली तर बाहेर पडायला काही सेकंदच असतात. झोपताना लावायचं कुलूप आतल्या बाजूनं, किल्लीशिवाय, एका हालचालीत उघडणारं हवं. तशी कुलपं मिळतात, डुकाटोच्या पुढच्या दारांसाठी खास बनवलेलीही मिळतात. आणि धोका वाटला तर गाडी चालू करून लगेच निघून जाणं शक्य असावं, म्हणून झोपायच्या वेळी स्टिअरिंगवर तबकडी लावायची की नाही, याचाही विचार आधीच करावा.

गाडीत झोपण्याच्या बाबतीत युरोपात एक अफवा वर्षानुवर्षं फिरते, की हमरस्त्यांवरच्या थांब्यांवर चोर खिडकीतून गुंगीचा वायू सोडतात आणि माणसं बेशुद्ध झाल्यावर लुटतात. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं हे शक्य नसल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. एवढ्या जागेत माणूस नकळत बेशुद्ध होईल इतका वायू भरायला लागणारं प्रमाण, त्याचा उग्र वास आणि खर्च, काहीच जुळत नाही. तरीही लोक गुंगीच्या वायूचे अलार्म विकत घेतात आणि दाराचं कुलूप कंपनीचंच राहू देतात. त्या पैशात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्यावा. त्या वायूनं माणसं खरोखर मरतात.

इथवर मालकाची बाजू झाली. पण मी कुलूप लावलं की चोर जातो कुठे? हा प्रश्न नुसता तात्त्विक नाही, त्याचं उत्तर आकडेवारीनं दिलेलं आहे.

पश्चिम जर्मनीनं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टिअरिंगचं कुलूप सक्तीचं केलं, आणि १९६३ पर्यंत ते जुन्या-नव्या सगळ्याच मोटारींना लागू झालं. तिथल्या मोटारचोऱ्या घसरल्या आणि घसरलेल्याच राहिल्या. ब्रिटननं तेच कुलूप १९७१ पासून आणलं, पण फक्त नव्या गाड्यांना. ब्रिटिश गृहखात्याच्या अभ्यासकांनी १९७६ मध्ये ‘क्राइम अ‍ॅज ऑपॉर्च्युनिटी’ या अहवालात दोन्ही देशांची तुलना केली. ब्रिटनमध्ये नव्या गाड्या सुटल्या आणि चोर जुन्या गाड्यांकडे वळले. म्हणजे ज्याला नवी गाडी परवडत होती तो वाचला, आणि त्याच्या वाटची चोरी जुनी गाडी वापरणाऱ्याच्या दारात गेली. कुलूप तेच होतं. फरक फक्त कायद्यातल्या एका कलमाचा होता.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला. १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात लोजॅक नावाचं छुपं रेडिओयंत्र आलं. गाडी चोरीला गेली की पोलीस त्याच्या आधारे माग काढायचे. गाडीवर त्याची काहीच खूण नसे. इयान आयर्स आणि स्टीव्हन लेव्हिट यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं, की जिथे हे यंत्र पसरलं तिथे एकूणच मोटारचोऱ्या घटल्या, कारण कुठल्या गाडीत ते आहे हे चोराला कळत नव्हतं. यंत्राचे पैसे भरणाऱ्याला एकूण फायद्यातला दहावा हिस्सासुद्धा मिळाला नाही. बाकीचा सगळा आसपासच्या लोकांना मिळाला. दिसणाऱ्या दांडीचं नेमकं उलट. ती मालकाला वाचवते आणि चोराला शेजारच्या गाडीकडे पाठवते.

म्हणून माझं मत झालंय ते असं. रेडिंगच्या काकांनी तबकडी लावावीच. चोरीच्या भीतीत झोपणाऱ्या माणसाला ‘व्यवस्था बदलेपर्यंत थांबा’ असं कुणी सांगू नये. पण दिसणाऱ्या कुलपांवर सगळी भिस्त ठेवली की सुरक्षितता हा ज्याच्याकडे पैसे त्याचा सौदा होतो. डुकाटोसारखी गाडी लाखोंच्या संख्येनं बनवणाऱ्यानं मुठीमागची पट्टी आणि सॉकेटचं संरक्षण कारखान्यातच दिलं, तर त्याचा खर्च फिटरकडच्या खर्चाच्या तुलनेत अगदी थोडा येईल आणि ते प्रत्येकाला मिळेल. ब्रिटिश सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात गाडीचोरीची इलेक्ट्रॉनिक यंत्रं बाळगणं हाच गुन्हा ठरवून पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद सुचवली. हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण त्यानं कारखान्यातल्या कमकुवत कुलपाला काहीच होत नाही.

आपला याच्याशी संबंध काय? महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. हॉटेलं नाहीत अशा ठिकाणी या गाड्या आणि त्यांचे तळ उभे राहावेत, हा हेतू. केरळनंही त्याच वर्षी असं धोरण जाहीर केलं. अशा गाड्यांच्या बांधणीसाठी देशात एआयएस-१२४ हे मानक आहे. आणि आपल्याकडे चोरीची गाडी जाते कुठे, हे मेरठच्या सोतीगंज बाजारानं कित्येक वर्षं दाखवलं. देशभरातून चोरलेल्या गाड्यांचे सुटे भाग तिथे विकले जायचे. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बाजार बंद पाडला. सोतीगंज बंद झाला म्हणून सुट्या भागांचं गिऱ्हाईक संपत नाही.

गिअर लॉक आपल्याला नवं नाही. गाडी घेतल्याबरोबर ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन ते बसवून घेणारी पिढी महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं प्रमाणित केलेलं चोरीविरोधी उपकरण गाडीत असेल, तर विम्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के सूट आहे, पण ती कमाल ५०० रुपये. पंचवीस-तीस लाखांच्या कॅराव्हॅनसाठी ५०० रुपयांची सूट म्हणजे जवळपास काहीच नाही. ती वाढवायला हवी.

आपल्याकडे भाड्याच्या कॅराव्हॅन अजून थोड्या आहेत. कोकणातल्या किनाऱ्यावर किंवा भंडारदऱ्याच्या काठी रात्री मुक्कामाला उभी राहिलेली गाडी बहुतेक एकटीच असते, शेजारी गल्ली नसते, ग्राइंडरचा आवाज ऐकायला कुणी नसतं. म्हणून पर्यटन आणि परिवहन या दोन्ही खात्यांना विनंती आहे: अशा गाडीला परवाना देताना स्टिअरिंग किंवा गिअरचं प्रमाणित कुलूप, ओबीडीला झाकण आणि झोपणाऱ्याला आतून किल्लीशिवाय उघडता येईल असं दार, या तीन अटी सगळ्या गाड्यांना, जुन्या आणि नव्या, एकदमच घाला. जर्मनीनं तसं केलं होतं. आणि तोवर भाड्यानं गाडी घेणाऱ्यांनी बुकिंगच्या वेळी गादी आणि एसीबरोबर कुलपाचीही चौकशी करावी.